काकांच्या चौकटी कोणाकडे द्याव्यात

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारी बाई, वय वर्षे चौपन्न, अविवाहित, धंदा मुद्रितशोधनाचा, असे लिहून ठेवते की आजच्या तारखेला माझे डोके ठिकाणावर आहे. हृदयाची एक झडप ठिकाणावर नाही, ती येत्या मंगळवारी दुरुस्त होणार आहे. डॉक्टर म्हणाले, काळजीचे कारण नाही. पण हे सांगताना त्यांनी दोनदा चष्मा पुसला, म्हणून हा कागद. तो मी स्वखुशीने करत आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. दडपण आणायचा प्रयत्न माझा थोरला भाऊ गेली चाळीस वर्षे करतो आहे आणि त्याला ते साधलेले नाही, हे सगळ्या नातेवाइकांना ठाऊक आहे.

सर्वांची पूर्ण नावे, वये व पत्ते सोबतच्या परिशिष्टात दिले आहेत. मजकुरात मी ज्याला ज्या नावाने हाक मारते त्याच नावाने लिहिणार. याला माझ्या वकीलबाईंची हरकत आहे. ती येथे नोंदवली, विषय संपला.

याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही, त्यामुळे रद्द करण्यासारखे काही नाही.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते. माझ्याकडे घर आहे, थोडी शिल्लक आहे, चार भांडी आहेत. त्यांची विल्हेवाट मी न लिहिताही कशीबशी लागली असती. हा खटाटोप त्यांच्यासाठी नाही. मी ज्या वर्तमानपत्रात प्रुफे तपासते त्याच्या रविवारच्या पुरवणीत तेहतीस वर्षे येत असलेले शब्दकोडे माझ्यामागे बंद पडू नये, एवढ्यासाठी आहे.

कलम १. घर. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, गॅलरीसह, मला माझ्या आत्याकडून मिळाल्या. त्या मी माझ्या भाचीला, म्हणजे दादाच्या मुलीला, ठकीला देते. ठकी लोकांचे आखडलेले गुडघे सरळ करून देते आणि त्यावर चांगले जगते. तिला शब्दकोडे सुटत नाही आणि त्याची तिला लाज वाटत नाही, म्हणून ती मला आवडते. आत्याकडून भाचीकडे हे घर दुसऱ्यांदा जात आहे. तिसऱ्यांदा कसे जावे हे ठकीने ठरवावे, त्यासाठी तिला लग्न कधी करणार म्हणून कोणी विचारू नये. गॅलरीचे दार पावसाळ्यात फुगते. ते खांद्याने ढकलायचे, लाथेने नाही.

कलम २. शिल्लक. बँकेत जे असेल ते दवाखान्याचे बिल भागल्यावर वहिनीला द्यावे, आणि ते फक्त वहिनीच्या एकटीच्या नावाने ठेवावे. का, ते वहिनीला कळेल. दादाला कळले नाही तरी चालेल.

कलम ३. काका कोण होते. हे कलम मालमत्तेचे नाही, पण यावाचून पुढचे समजणार नाही.

रविवारच्या कोड्याखाली पहिल्या दिवसापासून '– काका' एवढेच छापले जाते. या काकांना दर आठवड्याला पोतेभर पत्रे येत. दवाखान्यातल्या परिचारिका वॉर्डात मोठ्याने संकेत वाचून दाखवत आणि रुग्णांकडून उत्तरे घेत. एका बसचालकाने लिहिले होते की आडवे नऊ सुटेना म्हणून त्याने शेवटच्या थांब्यावर गाडी चार मिनिटे जास्त उभी केली, आणि उतारूंपैकी कोणी कुरकुर केली नाही, कारण त्यांचेही आडवे नऊ राहिले होते. लोक काकांना प्रकृती विचारत, मुलांच्या परीक्षांचे निकाल कळवत, आणि एखादा संकेत जास्त वाकडा निघाला तर हक्काने रागावत.

हे काका म्हणजे माझी आत्या. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ती अठ्ठावीस वर्षे ऑपरेटर होती. दिवसभर दुसऱ्यांचे शब्द कानावरून जात; त्यातला एखादा आवडला की ट्रंक कॉलच्या चिठ्ठीच्या पाठीवर टिपून घेई. पहिले कोडे तिने पोस्टाने पाठवले. तेव्हाच्या संपादकांनी तिला बोलावून घेतले, कोडे पसंत केले आणि म्हणाले की खाली बाईचे नाव घातले तर लोक उत्तरांऐवजी स्थळे पाठवतील. आत्याने मान डोलावली. ती मला म्हणाली, "होऊ दे काका. काकांना कोणी स्वयंपाक येतो का विचारत नाही."

ती कामाला बसे जेवणाच्या टेबलाशी, खिडकीकडे पाठ करून, कारण उजेड कागदावर हवा, डोळ्यांत नको. अकरा बाय अकराच्या चौकटी पट्टीने आखायच्या, शिसपेन्सिलीने भरायच्या, आणि खोडरबराचा चुरा शेवटी एका वाटीत जमवायचा. कोडे चांगले उतरले की चुरा जास्त निघतो, असे तिचे म्हणणे. पहिल्या आडव्या ओळीत आजाराचे नाव घालायचे नाही हा तिचा नियम होता. लोक रविवारची सुरुवात त्याने करतात. आणि आपल्या भाषेत 'स्त्री' एका घरात मावते याचे तिला फार हसू यायचे. म्हणायची, "तीन अक्षरं चेपून, वर वेलांटी घालून, एका चौकटीत बसवलीय. आणि कोणालाच ते कोडं वाटत नाही."

दोन वर्षांपूर्वी आत्या गेली. टेबलावर कोडे होते, उजवीकडचा खालचा कोपरा तेवढा राहिला होता. शनिवार होता. मी कोपरा भरला आणि कोडे छापायला नेऊन दिले. पुढच्या रविवारचे अख्खे मी भरले. काका गेल्याचे मी कोणाला सांगितले नाही, आताच्या संपादकसाहेबांनाही नाही. ते मला काकांचा निरोप्या समजत. काकांच्या पंचाहत्तरीला त्यांनी माझ्याकडे उंची शर्टपीस दिला होता. त्याचे आत्याने उशांचे अभ्रे केले. ते ठकीने वापरावेत, कापड अजून मऊ आहे.

कलम ४. शब्दपेट्या आणि दादा. आत्यामागे बुटांची एकेचाळीस खोकी राहिली. त्यांत कार्डे आहेत, एका कार्डावर एक शब्द. शब्द शेवटच्या अक्षराप्रमाणे लावले आहेत. पहिल्या अक्षरासाठी शब्दकोश आहेत, शेवटच्याचे आपल्याला बघावे लागते, असे आत्या म्हणे. खोकी मुळात बेचाळीस होती. आत्या गेल्यावर महिन्याने दादा 'आवरायला मदत' म्हणून आला आणि एक खोके रद्दीत घालून मोकळा झाला. ते 'ळ'चे होते. एका दुपारी माझ्या भावाने सकाळ, आभाळ, बाळ, फळ आणि चळवळ वजनावर विकली. पुढे वर्षभर काकांच्या कोड्यात 'ळ'ने संपणारा एकही शब्द आला नाही. मला आठवत नव्हते असे नाही. मी रुसले होते.

दादाला मी माफ करते. त्याला भिंतीवरचे घड्याळ द्यावे, म्हणजे 'ळ'चा एक तरी शब्द त्याच्या घरात राहील. ते सहा मिनिटे पुढे आहे. दादा आयुष्यभर सहा मिनिटे मागे असतो, जमून जाईल.

कलम ५. एका वेलांटीची कबुली. बारा वर्षांपूर्वी काकांच्या हातून घडलेली एकमेव चूक सगळ्या जुन्या सोडवणाऱ्यांना पाठ आहे. उभ्या ओळीत 'नदी' होती, आणि तिच्या दुसऱ्या घरातून आडवा 'दिवस' निघत होता. नदीची दी दीर्घ, दिवसाचा दि ऱ्हस्व, घर एकच. नदी बरोबर लिहावी तर दिवस लांबतो आणि दिवस बरोबर लिहावा तर नदी आखडते. दोनशे बारा पत्रे आली. एका निवृत्त मुख्याध्यापकांनी तर अख्खे कोडे तपासून, लाल शाईने खूण करून काकांना दहापैकी नऊ गुण दिले.

पुढच्या रविवारी आत्याने दोन ओळी छापल्या: 'नदी दीर्घ असते आणि दिवस ऱ्हस्व. हे या वयात तरी मला कळायला हवे होते. – काका.'

ती चूक काकांची नव्हती. ती माझी होती. मूळ कोड्यात तिथे 'दीपक' होता. तो मागच्याच रविवारी येऊन गेला होता हे प्रुफावर मी पकडले, आणि मला माझ्या हुशारीचा इतका आनंद झाला की आत्याला फोनही न करता मी तिथे 'दिवस' बसवला. बाकीच्या दोन घरांतून दुसरे काही जात नव्हते, तेवढे मी पाहिले. वेलांटी पाहिली नाही. बाईची सारी कमाई दुसऱ्यांच्या वेलांट्या सुधारण्याची, आणि चुकली तीही वेलांटीच. आत्याने ओरडा केला नाही. मी 'चूक माझी म्हणून छापू या' म्हटल्यावर ती म्हणाली की नोकरी तुझी आहे, काका काय, आहेतच कुठे. बारा वर्षे मी हे कोणाला बोलले नाही. आता लिहिले. छापायला हरकत नाही.

त्या दोनशे बारा पत्रांत एका पत्रात मात्र तक्रार नव्हती. दुरुस्ती होती. छाती, कंबर, बाही अशी मापे लिहिलेल्या चिठ्ठीच्या पाठीवर कोणीतरी तो कोपरा पुन्हा आखला होता. 'दिवस' काढून तिथे 'दीड' घातला होता, उरलेले घर काळे केले होते. मग कोड्याचा तोल जाऊ नये म्हणून समोरच्या कोपऱ्यातही बरोबर तसेच घर काळे करून तिथला शब्द एका अक्षराने आखूड केला होता. आणि 'दीड'साठी संकेत दिला होता: 'जास्त शहाण्याच्या आधी लागतो (२)'.

आत्या डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. "हा तुझ्यासाठीच लिहिलाय त्याने," म्हणाली. मग चिठ्ठी उजेडात धरून बराच वेळ बघत राहिली. "याला रफू म्हणतात. भोक कुठं होतं ते दिसत नाहीये." पत्राखाली नाव नव्हते, एवढेच होते: 'एक शिंपी, डेपोसमोर.'

कलम ६. चौकटी. महिन्यापूर्वी ऑपरेशनचे ठरले तेव्हा मी संपादकसाहेबांना सगळे सांगितले. काका बाई होत्या आणि दोन वर्षांपूर्वी गेल्या, हे ऐकल्यावर त्यांचा पहिला प्रश्न होता, "मग शर्टपीस कोणी घातला?" दुसरा प्रश्न मात्र कामाचा होता: आता पुढे कोण? तुम्ही परत याल न याल, असे ते तोंडाने म्हणाले नाहीत, सभ्य आहेत. एवढेच म्हणाले की मंगळवारच्या आत माणूस द्या, नाहीतर कोडी पाडणारे मशीन आहे, ते आजारी पडत नाही. मशीनने पाडलेला नमुनाही त्यांनी दाखवला. त्यात 'स्त्री'ला तीन घरे दिली होती. आत्याला ते कदाचित पसंतही पडले असते. मला पडले नाही.

मी ती चिठ्ठी घेऊन बस डेपोसमोर गेले. तिथे तीन शिंपी आहेत. दोघांनी मला ब्लाउजचे माप विचारले. तिसऱ्याच्या दुकानात फक्त दुरुस्तीची कामे होती: चेन बदलणे, पॅन्ट आखूड करणे, कॉलर उलटवणे. मशीनच्या फळीवर रविवारची पुरवणी चौघडी करून ठेवली होती, कोडे वर. पन्नाशीचे गृहस्थ, कानावर खडू. मी चिठ्ठी पुढे केली. त्यांनी ती उलटून आधी मापे वाचली आणि म्हणाले की हे गिऱ्हाईक आता या मापात बसणार नाही. मग दुसरी बाजू पाहिली आणि पायाने मशीन थांबवले.

"काका गेले ना?" त्यांनी विचारले.

मी म्हटले की काका नव्हतेच, आत्या होती; आणि हो, गेली. कसे ओळखलेत? त्यांनी सांगितले की दोन वर्षांपासून हात बदललाय. आधी वाटले काकांना दिसत नसेल नीट. मग लक्षात आले की दिसतेय जरा जास्तच. मला विचारले, आता तुम्ही करता का? मी हो म्हटले. माणूस जरा ओशाळला, पण मागे हटला नाही.

"राग मानू नका, बाई. तुमचं कोडं चोख असतं. पण त्यात माया नसते."

मी म्हटले, मास्तर, लोक मला तोंडावर याहून वाईट बोलले आहेत. ते म्हणाले, "ती माया नाही हो. शिवणीतली." आणि समोरची पॅन्ट उलटी करून शिवणीच्या आत सोडलेले बोटभर कापड दाखवले. "हे बाहेरून दिसत नाही. पण उद्या पोट सुटलं की कामाला येतं. आत्याबाईंचा अवघड शब्द असला की त्याला अडकून दोन सोपे असायचे. माणूस अडला तरी सुटायला जागा असायची. तुम्ही कापड पुरेपूर वापरता. आम्हाला हालायला येत नाही."

तेहतीस वर्षांत या कोड्याची इतकी नेमकी परीक्षा कोणी लिहिली नाही. मी तिथल्या तिथे त्यांना सांगितले की यापुढचे कोडे तुम्ही करा. ते नाही म्हणाले. आठवीपर्यंत शिकलोय, म्हणाले, दुसऱ्याचे उसवलेले शिवणे वेगळे आणि छापून येणे वेगळे. एखादी वेलांटी चुकली तर हजार माणसे हसतील.

तेव्हा मी ती गोष्ट पहिल्यांदा तोंडाने बोलले. "मास्तर, मी एम.ए. आहे. ती नदी आणि तो दिवस माझा होता. आत्याचा नाही."

त्यांनी समोरची पॅन्ट बाजूला सारली. एका गिऱ्हाइकाला उद्या या म्हणून परत पाठवले. मग त्यांनी अट घातली. कोडे करतो, पण खाली 'काका' लिहिणार नाही. "ज्या बाईने आम्हाला तीस वर्षं शहाणं केलं, तिला काका म्हणत राहायचं? आधी तिचं नाव छापा. मग माझं छापा नाहीतर नका छापू."

संपादकसाहेबांना वाटत होते की वाचकांना फसवल्यासारखे होईल. मी त्यांना म्हटले, होऊ दे, पत्रे येतील, तुम्हाला पत्रे आवडतात. गेल्या रविवारी चौकटीत चार ओळी आल्या: काका कोण होत्या, केव्हा गेल्या, त्यांचे खरे नाव. शुक्रवारपर्यंत तीनशे नव्वद पत्रे आली. फसवले असे एकानेही लिहिले नाही. पन्नासेक जणांनी त्याच दिवशीच्या उभ्या चारमधल्या अक्षरसंख्येबद्दल तक्रार केली, ती रास्त आहे. परिचारिकांनी वॉर्डाच्या सह्या घेऊन पाठवल्या. एकाने 'आदरणीय काकू' म्हणून सुरुवात केली होती. काकाच नव्हते तर काकू कुठून आल्या हा विचार त्याला शिवला नव्हता, पण पत्र चांगले होते. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी लिहिले की ते एक्स्चेंजमधला तो आवाज ओळखत होते, बायको बाळंत झाल्याची बातमी त्यांना त्याच आवाजाने जोडून दिली होती. ही सगळी पत्रे ठकीने जपावीत.

सबब, एकेचाळीस शब्दपेट्या, स्टीलची पट्टी, चुऱ्याची वाटी, आणि त्या पुरवणीतल्या अकरा बाय अकरा चौकटींवर माझा जो काही हक्क असेल तो, मी डेपोसमोरच्या मास्तरांना देते. दुकानात जागा नाही हे मी पाहिले आहे. पेट्या घरी माळ्यावर राहतील आणि मास्तरांना हवे तेव्हा ठकी दार उघडेल. 'ळ'ची पेटी मास्तरांनी आपल्या हाताने नव्याने सुरू केली आहे. त्यांचा पहिला शब्द 'गबाळ' आहे. गिऱ्हाइकांवरून सुचला म्हणाले.

कलम ७. निधनाची बातमी, देण्याची वेळ आली तर, छापण्याआधी मास्तरांना दाखवावी. 'दुःखद' मधला विसर्ग गाळल्यास मी परत येईन.

कलम ८. हे मृत्युपत्र अमलात आणायचे काम वकीलबाई करतील. शाळेत तिने माझे व्याकरणाचे पेपर बघून लिहिले आहेत, ते या कामातून फिटले.

वरील मजकूर मी स्वतः वाचला, दोन ठिकाणी अनुस्वार दुरुस्त केले आणि मान्य केला. आता फक्त सही राहिली आहे, आणि ती अर्ध्या तासापासून राहिली आहे, कारण मास्तरांचे पहिले कोडे उद्या छापून येणार असून त्याचे प्रूफ त्यांनी आज मला इथे आणून दिले. मृत्युपत्रात ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार व्हायचे नसते, म्हणून वकीलबाईने त्यांना बाहेर बाकावर बसवले आहे. मी आत बसून कोडे सोडवले. दोन ठिकाणी अडले आणि सुटले, जागा आहे. उभे सात मात्र सुटत नाही. तीन अक्षरे. मधले माझ्याकडे आहे, कडेची दोन नाहीत. वकीलबाईलाही सुटले नाही, तिच्या कारकुनालाही नाही. मी दार उघडून मास्तरांना उत्तर विचारले.

ते म्हणाले, "उत्तरं पुढच्या रविवारी छापून येतात, बाई. तोवर थांबा."

मी त्यांना माझे ऑपरेशन मंगळवारी आहे याची आठवण करून दिली. ते म्हणाले की माहीत आहे, म्हणूनच. उत्तराचा कागद त्यांनी बंद पाकिटात संपादकसाहेबांकडे दिलेला आहे आणि संपादकसाहेबांना मला सांगू नका म्हणून बजावले आहे.

तरी डॉक्टरांनी याची नोंद घ्यावी. मला पुढचा रविवार पाहणे भाग आहे. हा कागद वकीलबाईने कपाटात सगळ्यात खालच्या खणात ठेवावा, आणि त्यावर इतर कागद पडू द्यावेत.

ठिकाण: वकीलबाईंची कचेरी, दुसरा मजला.
वार: शनिवार, दुपारी पावणेबारा.

(सही) मृत्युपत्र करणारी

आमच्यासमोर, पूर्ण शुद्धीत, उभ्या सातवर चरफडत सही केली:

साक्षीदार १. (सही) वकीलबाईंचा कारकून
साक्षीदार २. (सही) शेजारच्या कचेरीतले नकाशे काढणारे गृहस्थ. यांना पहिले अक्षर 'उ' असावे असे वाटते. खात्री नाही.